अकरा टक्क्यांचा हात

गनीचाचांच्या नावाची नोटीस आली तेव्हा त्यांना माती देऊन नऊ दिवस झाले होते. त्यांच्या खोलीला नंबर नव्हता, म्हणून खटल्याच्या कागदांवर कासारवाडीतल्या आमच्या घराचा पत्ता घातलेला होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाकीट न फोडता माझ्यासाठी ठेवलं. मी शनिवारी पुण्याहून आले आणि उंबऱ्यातच ते फोडलं. ‘अर्जदार अब्दुल गनी शेख यांनी आपल्या उजव्या हाताच्या फेरतपासणीसाठी वैद्यकीय मंडळापुढे जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास अर्जदारास काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल.’ खाली गोल शिक्का, अगदी ठसठशीत उमटलेला. मी तो कागद घेऊन मागच्या चाळीत चाचीकडे गेले. ती सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होती. मी नोटीस वाचून दाखवली, तिने सांगितलं म्हणून पुन्हा वाचली. सुपातला एक खडा बोटांत धरून ती म्हणाली, “जित्तेपणी बोलावलं न्हाई. आता म्हणत्यात हात घेऊन या. कुठनं आणू त्यो हात? उकरून काढू?”

चाचा कावीळ होऊन आठ दिवसांत गेले. मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर बसून होते, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि उजवा हात नेहमीसारखा डाव्या काखेत खुपसलेला. पाच वर्षं त्यांनी तो हात असा लपवला. त्याच पाच वर्षांत तो हात किती उरलाय हे ठरवायला दोन डॉक्टर, दोन वकील, एक आयुक्त आणि एक उच्च न्यायालय लागलं, आणि तरीही ते ठरलं नाही.

या पुरवणीच्या बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल, पण आपल्या देशात माणसाच्या हाताचा छापील तक्ता आहे. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याच्या कायद्याच्या शेवटी तो जोडलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली. एका हाताची तीन बोटं गेली तरी तीस. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली तर अकरा. मी तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खाटकाच्या दुकानातली पाटी आठवली. पण खाटीक निदान सगळं वजन करतो. हा तक्ता फक्त कापून पडलेलं मोजतो. जागेवर राहून मेलेलं बोट त्यात नाही. त्याचं काय धरायचं ते डॉक्टरने सांगायचं, आणि डॉक्टरचं मानायचं की नाही ते भरपाई आयुक्तांनी ठरवायचं. चाचांचा सगळा खटला एवढ्याच जागेत अडकला होता.

ते मूळचे राजगुरुनगरचे. चीनच्या लढाईच्या साली तिथून इकडे आले तेव्हा पिंपरीत शेतांच्या बांधाला लागून शेडी उभ्या राहत होत्या आणि ज्याला कानस धरता येते त्याला काम होतं. चाचांनी कानस धरली ती डाय फिटर होऊनच खाली ठेवली. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसमध्ये जो लोखंडी साचा बसतो तो म्हणजे डाय, आणि तो केसाइतकाही चुकला तर हजार नग भंगारात जातात. चाचांचा डाय चुकत नसे. त्यांच्याकडे लाकडी पेटीत जाडी मोजायचा एक नाजूक मायक्रोमीटर होता आणि चाळीतल्या प्रत्येक पोराचा केस त्यांनी त्यात धरून मोजला होता. माझा मोजला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. “सात शतांश. जाड हाय. डोकं बी तसंच निघायचं,” असं ते म्हणाले आणि मी रडत घरी आले. त्या यंत्राच्या बाबतीत मात्र त्यांना चेष्टा चालत नसे. नव्या माणसाने मायक्रोमीटर स्क्रूसारखा करकचून आवळला की ते त्याच्या मनगटावर फटका मारत आणि ओरडत, “गळा दाबतो काय रे त्याचा?” मोठमोठ्या बाप्यांनी हे फटके खाल्लेले होते. त्यांच्यातल्याच एकाने पुढे स्वतःची शेड काढली आणि चाचांना घेऊन गेला. “गनीभाऊ, तुझ्या हातावर शेड उभी करतो,” असं तो म्हणाला होता. शेड उभी राहिली. तिथे कायम सतरा नाहीतर अठरा माणसं असत. विसावा माणूस हजेरीवर आला की सरकारी विमा योजना लागू होते, म्हणून विसावा माणूस कधी आलाच नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी अपघात झाला. प्रेसचा क्लच झिजला होता. एकदा पायडल दाबलं की प्रेसने एकच ठोका मारायचा असतो, ही प्रेस कधीकधी आपल्या मर्जीने दुसरा मारत असे. चाचांनी मालकाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मालक म्हणाला, “दिवाळीत बघू.” दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नव्या डायची चाचणी घेताना चाचांनी नग उचलायला हात घातला आणि प्रेसने दुसरा ठोका मारला.

मालकाने त्यांना चिंचवडात आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. टाके चांगले घातले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे त्याच डॉक्टरने दाखला दिला: दोन पेरं गेली, अकरा टक्के, बाकी हात सुस्थितीत. त्या सुस्थितीतल्या हाताचा अंगठा तळव्याकडे वळत नव्हता. मधलं बोट खुंटीसारखं ताठ झालं होतं आणि त्याला कसलीही जाणीव नव्हती. एकदा चुलीशी बसले असताना ते बोट तव्याला टेकलं आणि वास आला तेव्हा चाचीने ओढून काढलं... चाचांना कळलंही नव्हतं. उजव्या हाताने कानशीची मूठ धरली की ती सटकून जायची. मालकाने त्यांना फाटकावर स्टूल टाकून दिलं. वर म्हणाला, “बस इथं आरामात. सलाम ठोकायला चार बोटं पुरतात, गनीभाऊ.” चाचांनी भरपाईचा अर्ज केला त्या आठवड्यात स्टूलही गेलं. मग ते आमच्या गल्लीतल्या मेव्हण्याच्या सायकलच्या दुकानात बसू लागले. ज्यांनी शतांशात मापं घेतली ते टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघत होते, तेही डाव्या.

पुण्याच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने मात्र अर्धा तास तपासलं. टाचणी टोचून पाहिली, दोरी ओढायला लावली, पेला उचलायला लावला. शेवटी म्हणाला, “मिस्त्री, तुमचा हात दिसतो तेवढा राहिलेला नाही.” डाय फिटरचं काम धरून त्याने साठ टक्के लिहिले. म्हणजे एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला साठ, आणि मध्ये चाचांचं उरलेलं आयुष्य. साठ मान्य झाले तर ते मेव्हण्याच्या ओट्यावरून उठून स्वतःची एक खोली, एक छोटं दुकान करू शकणार होते. अकरा झाले तर तिथेच मरायचं होतं.

इथे मी येते. आण्णा पुण्यात एका छापखान्यात कंपोझिटर. कामगार युनियनची बिघडलेली पत्रकं ते घरी आणत, आमच्या फडताळांत तीच अंथरलेली, आमच्या वह्यांना तीच कव्हरं. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. चाचा म्हणत, “ही पोरगी बाराखडीच्या आधी ‘बंधूंनो’ शिकली,” आणि मला पाहिलं की हाक मारत, “आली पत्रकवाली!” मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात होते, आणि चाचांवर पत्रक मीच लिहिणार हे मी जाहीर करून टाकलं. दोन दुपारी त्यांच्या खोलीत बसले. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. उजव्या तळव्यात, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने त्यांनी मायक्रोमीटर दाबून धरला आणि डाव्या हाताने हळूहळू फिरवला. कपाळावर घाम आला. पुरतं एक मिनिट लागलं. माझ्याच डोक्यातला केस होता. “सात. तवा बी सातच व्हता,” ते म्हणाले आणि असे हसले की मला हुंदका आला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली चाची म्हणाली, “त्ये बी लिव्ह ना बाई, सकाळी शर्टाची बटणं मी लावते. पायजम्याची नाडी मी बांधते.” चाचांचा चेहरा उतरला. मायक्रोमीटर पेटीत ठेवत ते म्हणाले, “त्ये नको.” मी लगेच म्हटलं, “नाही लिहीत, चाचा.” मला वाटलं, मी त्यांची अब्रू राखतेय. खरं असं की मला ते नकोच होतं. आमच्या पत्रकांत कामगार कधी मोडत नाही. ज्याची नाडी बायको बांधते तो माणूस ‘बंधूंनो’च्या खाली बसत नाही. आम्हाला मुठी लागतात.

मी मथळा दिला, ‘हात कापाल, हुन्नर कसा कापाल?’ आणि लिहिलं की या हाताने सहा महिन्यांत स्वतःला पुन्हा घडवलं आहे, की गनी मिस्त्री आजही माणसाच्या केसाचं माप अचूक घेतात, की मालकाच्या प्रेसमध्ये या कलेला चिरडण्याची ताकद नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. आण्णांनी छपाईचे खिळे जुळवले, आम्ही पिंपरी-भोसरीच्या फाटकांवर ते वाटलं. चाचांनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं, मग घडी घालून वरच्या खिशात ठेवलं.

सुनावणी पौषात आली. थंडी अशी की कोर्टाच्या आवारात लोक उन्हाची जागा धरून उभे होते. चाचा पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात आले, सगळी बटणं जागच्या जागी, फक्त गळ्याचं उघडं. स्वेटर नाही, मफलर नाही. मी म्हटलं, “चाचा, वरचं लावा ना, कोर्ट आहे.” ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. उकडतंय.” मला वाटलं, घाबरलेत. आमच्या वकिलांनी त्यांना पढवून ठेवलं होतं: विचारतील तेवढंच बोला, हात दाखवा, दुखतं ते सांगा.

मालकाच्या वकिलाने हाताबद्दल काही विचारलंच नाही. त्याने फायलीतून एक कागद काढला, आणि लांबूनही मला माझा मथळा ओळखू आला. त्याने तो मोठ्याने वाचला, सावकाश, एकेक विशेषण चघळत. मी शेवटच्या बाकावर बसले होते. माझीच वाक्यं परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना आधी मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला. मग त्याने विचारलं, “मिस्त्री, हे खरं की खोटं?” आमचे वकील उठले, म्हणाले, साहेब, हे प्रचाराचं पत्रक आहे, पुरावा नाही. आयुक्त म्हणाले, “उत्तर देऊ द्या.” चाचांनी मान वळवून मागे पाहिलं. ‘अतिशयोक्ती आहे’ एवढे दोन शब्द पुरले असते. ते म्हणाले, “पोरीनं लिव्हलंय ते खरं हाय.”

“आज सकाळी हा शर्ट कुणी घातला?”

“मीच.”

“ही बटणं?”

“मीच लावली.”

चाचांनी शपथ घेतली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ते खोटं बोलत होते, असं मला वाटलं. पुढचं त्याहून वाईट झालं. वकिलाने खिशातून एक मायक्रोमीटर काढला, आपल्या फाउंटनपेनवर बसवला आणि “हे यंत्र असंच वापरतात ना, मिस्त्री?” असं म्हणत तो स्क्रूसारखा आवळू लागला. करकर आवाज झाला. चाचांचा हात पुढे गेला. “गळा दाबतो काय त्याचा!” ते ओरडले, भर कोर्टात, काळ्या कोटातल्या माणसावर. लोक हसले. आयुक्तही हसले. चाचांनी यंत्र जवळजवळ हिसकावून घेतलं, शर्टाच्या टोकाने त्याची तोंडं पुसली, उजव्या तळव्यात दाबून धरलं, डाव्या हाताने फिरवलं आणि खिडकीच्या उजेडाकडे करून म्हणाले, “दहा मिलिमीटर, वर तीन शतांश. तिसरी रेघ पुरती भरत न्हाई, पर तीनच धरा.” त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते अपघातानंतर मी पाहिलं नव्हतं. वकील म्हणाला, “आभारी आहे, मिस्त्री. मला आणखी काही विचारायचं नाही.”

बाहेर व्हरांड्यात पाहिलं तर त्यांचं ताठ बोट निळं पडलं होतं. ते आयुक्तांनी पाहिलं नाही. मालक पाठोपाठ आला, विडा चघळत. त्याला राहवलं नाही. “वकीलसाहेब म्हणत होते, म्हातारा सावध असेल. मी म्हटलं, मायक्रोमीटर वाकडा धरा त्याच्यापुढं, बाकीचं काम तो स्वतः करतो. बारा वर्षं ओळखतो तुला, गनीभाऊ!” चाचा त्याच्याकडे वळले. मग इतकंच बोलले, “तेरेकू मैंच सिखाया था रे.” मालक हसतच गाडीत बसला. जाता जाता काच खाली करून म्हणाला, “आणखी दोन बोटं साफ तुटली असती तर कायद्यानंच जास्त मिळालं असतं बघ. अर्धवट काम वाईटच.”

आणि मी काय केलं? मी चाचांवर चिडले. म्हटलं, “खोटं का बोललात? बटणं चाची लावते, मी पाहिलंय.” ते म्हणाले, “खोटं न्हाई बोललो, पोरी.” मी म्हटलं, “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!” ते म्हणाले, “तू पाह्यलं ते मागलं.” एवढं बोलून ते हात काखेत घालून बसस्टॉपकडे चालू लागले. मी दुसऱ्या बसने गेले. सत्याबद्दल माझी मतं फार कडक होती.

निकाल आला. ‘अर्जदाराने आमच्यासमक्ष जखमी हाताने सूक्ष्म मापाचे उपकरण सफाईने हाताळले. त्याच्याच बाजूने काढलेल्या पत्रकात त्याचे कौशल्य शाबूत असल्याचा उल्लेख आहे, व अर्जदाराने तो शपथेवर मान्य केला आहे. सबब शासकीय डॉक्टरांचे अनुमान स्वीकारता येत नाही.’ अकरा टक्के. आमच्या वकिलांनी सांगितलं की उच्च न्यायालयात जाता येईल, पण तिथे हात दुखतो हा मुद्दा चालत नाही, कायद्याचाच मुद्दा लागतो. मुद्दा असा होता की डॉक्टरने अर्धा तास तपासून लिहिलेलं आयुक्तांना एका मिनिटाच्या खेळावरून बाजूला सारता येतं का. या प्रश्नाचा नंबर लागायला तीन वर्षं गेली. मी तोवर एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायला लागले होते. चाळीत जाणं मी कमी केलं होतं. गेले तरी चाचांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत नव्हते. खोटं बोललेल्या माणसाला मी मोठ्या मनाने माफ केलंय, अशा थाटात मी तिथे बसत असे.

मुंबईला मात्र मी त्यांच्याबरोबर गेले. तासभर त्यांच्या हाताबद्दल इंग्रजीत बोलणं चाललं. हात त्याच खोलीत, मागच्या बाकावर, काखेत होता. कुणी वळून पाहिलं नाही. चाचांनी मला कोपराने ढोसलं, “काय म्हणत्यात?” मी म्हटलं, “तुमच्या हाताबद्दल बोलतायत.” ते म्हणाले, “मग वर करू का?” मला हसू आलं. न्यायमूर्तींनी दोन पानी निर्णय दिला. आयुक्तांना स्वतः डॉक्टर होता येणार नाही. एकदा उपकरण धरता येणं म्हणजे त्यावर पोट भरता येणं नव्हे. वैद्यकीय मंडळाकडून हात पुन्हा तपासून घ्यावा आणि प्रकरण नव्याने ठरवावं. म्हणजे आम्ही जिंकलो. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, “चाचा, यावर पत्रक काढायला हवं.” ते हात जोडायला गेले, पण एक हात नीट जुळेना, तसाच ठेवून हसले. “नको गं माझी बाय. एकदा लिव्हलंस ते पुरं झालं.” त्यांनी मला दिलेला दोष एवढाच. त्यानंतर वर्षभर कुणीही, कुठेही, त्यांना हात दाखवायला बोलावलं नाही.

चाचीने त्यांचे कपडे गरिबांत वाटून टाकले होते. नोटीस येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे बसले असताना मशिदीच्या गल्लीतला एक हातगाडीवाला दारात आला. हातात पांढरा शर्ट. ओशाळून म्हणाला, “भाबी, वाईट वाटून घेऊ नका. बटणं खोटी हायत याची. काजं शिवून टाकलेली. घालू कसा?” तो शर्ट उंबऱ्यावर ठेवून गेला. चाची उठेना. मी उचलला. पुढची पाचही बटणं काजांच्या वरूनच पक्की टाचलेली होती, नुसती शोभेला. पट्टी उलटून पाहिली, तर आत टिचबटणं. तळहाताच्या टाचेने दाबली की बसतील अशी.

“कधी लावलीस ही?” मी विचारलं.

“सुनावणीच्या आधी,” चाची म्हणाली. “त्यांनीच आणली बाजारातनं. म्हणले, कोर्टात कसम खाऊन बोलायचं हाय. पोरीनं लिव्हलंय का मी समदं ह्याच हातानं करतो. नाव घातलंय तिनं खाली. तिचं खोटं पडाया नको. म्हणून मग आठ दिस हितं बसून दाबत व्हते. पायजम्याला बी इलास्टिक घालाया लावलं.”

मी एका पत्रकात अर्धं लिहिलं होतं. उरलेलं अर्धं खरं करण्यासाठी तो माणूस आठ दिवस स्वतःशी कुस्ती खेळत होता. ते खरं झालं, आणि त्या खऱ्यावर तो हरला. आणि मी दुसऱ्या बसने गेले होते.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. वारस म्हणून चाचीचं नाव लागलं आहे. मालकाचा वकील म्हणणार, तपासायला हातच नाही, तेव्हा पहिल्या डॉक्टरचे अकरा टक्के कायम करा. आमचे वकील सरकारी डॉक्टरला पुन्हा उभं करणार आहेत आणि म्हणतात, शर्ट दाखल करून बघू. शर्ट हा पुरावा मानला जाईल की नाही, ते त्यांना सांगता येत नाही. माझं पत्रक पुन्हा बाहेर निघेल, हे नक्की. या वेळी मी शेवटच्या बाकावर नसेन. नाडी, तवा, निळं पडलेलं बोट, मी जे जे मुद्दाम वगळलं ते सगळं शपथेवर सांगेन, आणि वकिलाने मला खोटारडी म्हटलं तर त्याने निदान योग्य माणसाला म्हटलं असेल.

काल शर्ट न्यायला गेले. चाचीने तो धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला होता. खाली काढून तिने तो मांडीवर पसरला आणि चाचा कसे करत ते मला दाखवलं. उजवा हात वळवून, तळव्याच्या टाचेने, खालून वर. एक. दोन. तीन. चौथ्याला जरा वेळ लागला. पाचव्याला, गळ्याच्या, तिने हात लावला नाही.

“हे?” मी विचारलं.

“ह्ये त्यांना न्हाई जमायचं. हात तिथवर वळत नव्हता. रोज मीच लावायची.” तिने कॉलर सरळ केली. “त्या दिशी लावाया गेले, तर हात धरला माझा. म्हणले, आज ऱ्हाऊ दे उघडं. कोर्टानं इच्यारलं तर?”